वीस पावलांवरून

दिनूकाकांना कुठलीही नवी बातमी सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "पाण्याची सोय काय?" मी इंग्लंडात रीडिंगला फ्लॅट घेतला तेव्हा हाच प्रश्न, नोकरी बदलली तेव्हाही हाच. माझं लग्न ठरलं आणि मी मुलीचा फोटो दाखवायला हाउन्सलोला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे तिरपा करून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. पाण्याची सोय काय?"

सुधाकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, ती मुलगी आहे, किल्ला नाही!"

काका मूळचे कऱ्हाडकडचे. तरुणपणी सुट्टी मिळाली की पायात वहाणा चढवायच्या आणि गड गाठायचा, एवढंच त्यांना ठाऊक. किल्ला कसा पाहावा याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. बुरूज, तोफा, नगारखाना हे सगळं पाहुण्यांना दाखवायचं, जाणत्याने आधी पाण्याची टाकी बघायची. "किल्ला तोफांनी पडत नाही रे," ते मला सांगत. "पाणी संपतं म्हणून पडतो. पाणी संपलं की किल्लेदाराने दार उघडावं आणि ताठ मानेनं खाली उतरावं, त्यात लाज नाही. आतल्या माणसांना तहानेनं मारून गड राखला, तर ती लाज." हे व्याख्यान मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. एक्कावन्नाव्या वेळी ते कामाला येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

साठच्या दशकात ते इंग्लंडला आले आणि विमानतळावर सामान वाहून नेणारे पट्टे दुरुस्त करण्याच्या कामाला लागले ते निवृत्त होईपर्यंत. जगभरच्या बॅगा त्यांच्या हाताखालून गेल्या, पण स्वतः त्यांना विमानाचा कंटाळा. त्यांचा जीव फटफटीत. बाराशे सीसीची, जर्मन बनावटीची, म्हशीसारखी रुंद आणि काळी अशी ती मोटरसायकल ते आयुष्यभर 'फटफटी'च म्हणत राहिले. इंग्लंडमधले किल्ले त्यांनी दोन-चार उन्हाळ्यांत संपवले. मग खाडी ओलांडून फ्रान्स. दरवर्षी जूनमध्ये न्यूहेवनहून बोटीने दिएपला जायचं, रात्री बंदराजवळच्या एका साध्या लॉजवर टेकायचं, दुसऱ्या दिवशी गावागावांतून तीन किल्ले करायचे आणि संध्याकाळच्या बोटीने परत. काका, मागे काकू, आणि दोन हजार चारच्या सुमारापासून त्यांच्या मागून माझी लाल मोटरसायकल.

आमची ओळख तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. हॉलच्या कार पार्कमध्ये मी हेल्मेट काढत होतो. पाठीमागून आवाज आला, "ही फटफटी तुझी?" उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उभे होते. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात मोदकांचा डबा. मी हो म्हणताच त्यांनी डबा माझ्या सीटवर ठेवला, माझं कोपर धरलं आणि मोठमोठी पावलं मोजत मला मागे मागे नेलं. अठरा, एकोणीस, वीस. "आता ती निळी कार. नंबर वाच." मी वाचला. "तुला दिसतं," ते म्हणाले. "जूनमध्ये येशील?"

इंग्लंडात ड्रायव्हिंग टेस्टच्या सुरुवातीला परीक्षक वीस मीटरवरच्या गाडीचा नंबर वाचायला लावतो. तो वाचता आला नाही तर टेस्ट तिथेच संपते. काकांचं म्हणणं, सरकार एकदाच विचारतं हा मूर्खपणा आहे, डोळे काही एकदाच म्हातारे होत नाहीत. म्हणून त्यांच्याबरोबर निघणाऱ्या प्रत्येकाला सकाळी गाडी सुरू करण्याआधी नंबर वाचावा लागे. त्यांचं एक पाऊल बरोब्बर एक मीटर. आधी ते स्वतः वाचत, मग मी. काकू त्या वेळात दशम्यांचा डबा बाजूच्या पेटीत बसवत आणि म्हणत, "झाली का रे तुमची संध्या?"

काकू दिसायला लहानखुऱ्या, गोलमटोल. घरात कायम सुती साडी, पण फटफटीवर बसताना चामड्याचं जाकीट आणि हेल्मेटच्या आत ठसठशीत टिकली. मी कायम त्यांच्या मागे असल्यामुळे मला दिवसभर दिसायची ती काकूंची पाठ आणि काकांच्या खांद्यावरचे त्यांचे दोन पंजे. ते पंजे सारखे काहीतरी करत असत. डाव्या खांद्यावर थाप, उजव्या खांद्यावर थाप, मध्येच दोन्हींवर जोरात. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला नवऱ्याला टोकायचंच असतं, हेल्मेटमुळे बोलता येत नाही म्हणून हाताने टोकते आहे, अशी माझी समजूत. मी घरी येऊन त्याची नक्कलही करून दाखवत असे.

फ्रेंच लोकांशी काका मराठीत बोलत. ही थट्टा नाही. त्यांचा सिद्धान्त असा, की इंग्रजीत बोललं की या लोकांना राग येतो आणि मोडक्या फ्रेंचमध्ये बोललं की कीव येते, मराठीत बोललं की ते नीट कान देऊन ऐकतात. "ताई, दोन कॉफी द्या, एकीत साखर नको, आणि हे तुमचं मांजर फार गुणी आहे हो," असं ते कुठल्याशा खेड्यातल्या कॅफेत सरळ म्हणत, हातवारे करत, मांजराला कुरवाळत. आणि दोन कॉफ्या येत. एकीत साखर नसे. मी शाळेत तीन वर्षं फ्रेंच शिकलेला माणूस, माझ्यासमोर एकदा उकडलेलं अंडं आलं होतं.

किल्ल्यांची खरी नावं त्यांच्या जिभेला झेपत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं दिली होती. पहिला 'पडका', दुसरा 'बदकांचा', कारण त्याच्या खंदकात बदकं होती. तिसरा 'काकूंचा'. हा तिसरा खरं तर किल्ला नव्हेच, मोठमोठ्या खिडक्यांचा देखणा वाडा. काका दरवर्षी त्याला नावं ठेवत. "खिडक्या बघ केवढ्या! शत्रूला वाकावंसुद्धा लागणार नाही." पण काकूंना तो आवडे, म्हणून शेवटी तिथे जायचं आणि त्याच्या भिंतीच्या सावलीत दशम्या खायच्या, हा रिवाज.

आत शिरताना काका दाराशी वाकत, उंबऱ्याला हात लावत आणि तो कपाळाला टेकवत. आपल्याकडे गडाच्या दरवाजात करतो तसंच. पहिल्या वर्षी म्हणे काकूंच्या किल्ल्यावर तिकीट देणाऱ्या बाईंना वाटलं, यांचं काहीतरी खाली पडलं. त्या बिचाऱ्या खिडकीतून बाहेर आल्या आणि गुडघ्यांवर बसून शोधू लागल्या. काका मराठीत समजावत होते, बाई फ्रेंचमध्ये धीर देत होत्या. मी जायला लागलो तोवर सगळं रुळलं होतं. आम्ही दिसलो की मादाम तिकिटं बाजूला ठेवत, उंबऱ्याकडे बोट दाखवत आणि काकांचा नमस्कार होईपर्यंत हात बांधून उभ्या राहत.

आता त्या शेवटच्या जूनबद्दल. काकांना त्या महिन्याअखेर सत्तर पूर्ण होणार होती. सत्तरी आली की तिथे लायसन्स पुन्हा मागावं लागतं. घरी फॉर्म येतो, त्यात डोळ्यांविषयी विचारलेलं असतं, आणि कुणी तपासायला येत नाही. आपणच खरं लिहून सही करायची. हा फॉर्म काकांच्या घरी एप्रिलपासून टीव्हीवर पडून होता. मी दोनदा आठवण केली, दोनदा त्यांनी "फ्रान्सहून आल्यावर" म्हणून विषय टाळला.

निघायच्या आदल्या आठवड्यात वॉटफर्डहून त्यांच्या मुलीचा, नीताचा, फोन आला. ती तिथेच जन्मलेली. "मंदारदादा, बाबा मला काही सांगत नाही. आय क्लिनिकचा लेटर आला होता, मी बघितली. त्याचा पडदा खराब होतो आहे, डोळ्याचा. ऑपरेशन नाही होत त्याला. तू त्याच्या मागे असतो ना? प्लीज, बघ ना जरा."

मी म्हटलं, बघतो. माझ्या मनात, काकांना काही झालं असतं तर काकांनीच सांगितलं असतं. नंबर तर दर वेळी वाचतात.

दिएपच्या लॉजच्या अंगणात सकाळी ऊन छान पडलं होतं. मी लवकर उठून पेट्रोल भरून आलो आणि गाडी बाहेर गल्लीतच लावली. अंगणात माझी नेहमीची जागा होती तिथे एका डच पाहुण्याची मोटरसायकल उभी होती, तीही लाल, मागे तसलीच पिवळी पाटी. काका बाहेर आले, मिशा पुसल्या, वीस पावलं मोजली, वळले आणि खणखणीत आवाजात नंबर वाचला.

माझ्या गाडीचा नंबर. अक्षर न् अक्षर बरोबर. आणि समोर गाडी त्या डच माणसाची.

काकूंचा हात दशम्यांच्या डब्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं, तो फोटो खिडकीकडे तिरपा का केला होता तेही आणि त्या थापांचं गुपितही. पण बोलायचं कसं? सत्तरीचा माणूस, ज्याने मला त्या देशात रस्त्यावर चालायला शिकवलं, त्याला मी तिथे उभं राहून 'तुम्हाला दिसत नाही' म्हणायचं? मी घाबरलो, एवढंच खरं. "चला, उशीर होतोय," म्हणालो आणि स्वतः नंबर न वाचताच हेल्मेट चढवलं. काकांनी मला नंबर वाचायला लावला नाही असं पहिल्यांदाच घडलं.

त्या दिवसासारखा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. दोन्हीकडे जवसाची शेतं, निळ्या फुलांनी भरलेली, वाऱ्यावर हलली की जमीनच हलल्यासारखी वाटे. दगडी घरांची गावं, चर्चच्या भोवती वळसा घेणारे रस्ते, भिंतींवर गुलाब. मी मात्र काकूंच्या पंज्यांशिवाय काही पाहत नव्हतो. डावं वळण यायच्या आधी डावा पंजा. ट्रॅक्टर दिसला की दोन्ही. गोल चौकात शिरायच्या आधी दोन्ही, मग थांबून उजवा. काका सुतासारखी सरळ गाडी नेत होते. चाळीस वर्षांचे हात त्यांचे आणि डोळे काकूंचे.

पडका झाला. बदकांच्या किल्ल्यावर काका कठड्याशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "खंदक भरलाय का रे यंदा?" पाणी त्यांच्या पायाखाली चमकत होतं. मी म्हटलं, "भरलाय, काका." ते म्हणाले, "छान." मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी बदकांचे फोटो काढत बसलो.

काकूंच्या किल्ल्याचं गाव जवळ आलं तसं जवसाचं एक अफाट शेत लागलं, उतारावरून थेट गावाच्या पहिल्या घरापर्यंत. काकू कऱ्हाडच्याच बाजूच्या, त्यांना ते पाहून राहवेना. त्यांनी मागे वळून, एक हात काकांच्या खांद्यावरून काढून मला ते शेत दाखवलं. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात बेकरीतून एक म्हातारी काखेत लांबोडका पाव धरून रस्त्यात उतरली.

काकूंची किंकाळी मला हेल्मेटमधूनही ऐकू आली. फटफटी आडवीतिडवी झाली, घसरली, आणि म्हातारीपासून हातभर अंतरावर थांबली. कुणाला काही लागलं नाही. पाव तेवढा रस्त्यावर पडला. म्हातारीने काकांना फ्रेंचमध्ये जे काय सुनावलं त्यातला शब्द न् शब्द समजला, भाषा धड येत नसूनही.

काका उतरले. खाली वाकले आणि पाव शोधू लागले. तो त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर होता आणि त्यांचा हात त्याच्या आजूबाजूला चाचपडत होता. मी पुढे झालो, तर काकूंनी मला हाताने थांबवलं. अखेर सापडला. काकांनी तो आपल्या जाकिटाला पुसला, म्हातारीच्या हातात दिला आणि मराठीत म्हणाले, "चुकलं माझं, आजी. मला दिसलं नाही."

किल्ल्यापर्यंत शंभर पावलं होती. फटफटी त्यांनी ढकलत नेली, चालवली नाही. मादाम खिडकीत उभ्या होत्या, उंबऱ्याकडे बोट दाखवायला तयार. काका तिकडे गेलेच नाहीत. भिंतीच्या सावलीत बसले. काकूंनी डबा उघडला, दशम्या, जवसाची चटणी. कुणी हात लावला नाही.

"मंदार," काका म्हणाले, "सकाळी मी नंबर वाचला, ती गाडी तुझी नव्हती ना? तुझी तर बाहेर गल्लीत सुरू झाली."

"नव्हती."

"तुला तेव्हाच कळलं?"

"हो, काका."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मोठे. तुम्हाला कसं..."

"मोठ्याने त्या बाईला उडवलं असतं तर?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त लागलं. "मी खोटं वाचलं, तू खोटं ऐकलंस. वीस पावलं कशाला मोजतो आपण मग?"

काकूंनी मध्ये तोंड घातलं. "त्याला नका बोलू. माझं चुकलं. दोन वर्षं मीच सांभाळून घेतेय. अहो, तुम्ही ही फटफटी सोडली तर घरात कोचावर बसून राहाल. मला नको होतं ते."

काकांनी डबा बाजूला सारला. मग उठले, फटफटीजवळ गेले, आणि तिच्यापासून वीस पावलं मोजत गेले. वळून उभे राहिले. स्वतःच्या गाडीचा नंबर त्यांना झोपेतही पाठ असणार.

"काय लिहिलंय ते दिसत नाही," ते तिथून मोठ्याने म्हणाले. "पाटी आहे एवढं कळतं. नंबर दिसत नाही." मग परत आले, जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला तो फॉर्म काढला आणि माझ्या हातात दिला. टीव्हीवर पडलेला फॉर्म ते बरोबर घेऊन आले होते. "पेन आहे? मी सांगतो ते भर. बारीक अक्षर माझ्या बापाला दिसणार नाही."

मी लिहिलं. सही त्यांनी केली, मी बोट ठेवलं त्या जागी. मग एक दशमी घेतली, चटणी लावून खाल्ली आणि म्हणाले, "पाणी संपलं की उतरायचं. चला."

पण उतरायचं कसं? माणसं तीन, गाड्या दोन, चालवणारा एक. काकांनीच तोड काढली. गाडी बंद पडली तर उचलून नेणाऱ्या कंपनीचं फ्रान्सपुरतं कव्हर ते दरवर्षी न चुकता घेत आणि कधीच वापरत नसत. त्यांनी माझ्या मोबाइलवरून फोन लावला. पलीकडे कुणी इंग्लिश मुलगी होती. व्हॉट सीम्स टू बी द प्रॉब्लेम, असं तिने विचारलं असावं. काका म्हणाले, "नथिंग राँग विथ द बाइक, माय डिअर. इट्स द रायडर दॅट हॅज ब्रोकन डाउन." ती हसली. काकाही हसले, आणि मग फोन काकूंच्या हातात देऊन तोंड फिरवून उभे राहिले.

ट्रक यायला तास लागला. त्या तासात काका उंबऱ्यापाशी जाऊन आले. मादाम बाहेर आल्या. यंदा त्यांनी बोट दाखवलं नाही, काकांचा हात धरून उंबऱ्यापर्यंत नेला. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

फॉर्म काकांनी सोमवारीच टपालात टाकला. फटफटी नॉरफोकच्या एका शिक्षकाने नेली, वीस पावलांवरून नंबर वाचून दाखवल्यावर. मी दोन वर्षांनी पुण्याला परतलो. फोन होत असे. "पुण्याला पाण्याची सोय काय?" असं विचारत, आणि ही चौकशी आता अगदी रास्त असे. काकूंची भीती खोटी ठरली, ते कोचावर बसले नाहीत, हाउन्सलोच्या बसेसमधून हिंडत राहिले. चार वर्षांपूर्वी नीताचा फोन आला, बाबा गेला म्हणून.

त्यांचं नाव निघालं की मला हाउन्सलोचं घर आठवत नाही, त्या ट्रकची मागची काच आठवते. फटफटी मागे पट्ट्यांनी बांधलेली, पुढे फ्रेंच ड्रायव्हरशेजारी काका, त्यांच्या मागच्या सीटवर काकू, आणि मी नेहमीसारखा मागून. हेल्मेट नसलेले काका मी रस्त्यावर पहिल्यांदाच पाहत होतो, पांढरे केस उघड्या खिडकीतल्या वाऱ्याने उडत होते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं. त्यांना आता काही करायचं नव्हतं. तरी पुढे डावं वळण दिसलं तेव्हा काकूंचा पंजा उचलला गेला आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर पडला. उजव्या वळणाला उजव्या. मग निळं शेत आलं, आणि तिथे कुठलंच वळण नसताना काकूंनी दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यांवर ठेवले. काकांनी मान वळवून, शेत संपेपर्यंत, त्या बाजूला पाहिलं.